रात्रीची शिफ्ट, लांबलेली पाळी आणि शतावरी-अश्वगंधा: काय ठेवायचं, काय काढायचं?

चिमणबाग
वय ३१, इंदूर, नोकरी सुपर कॉरिडॉरवर. सहा महिन्यांपासून फिरती शिफ्ट: एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. आधी पाळी २९-३० दिवसांनी यायची, आता ३८ ते ४६. मूल हवंय, प्रयत्न सुरू होऊन पाच महिने झाले. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) ३.१ (थायरॉइडची गोळी थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम चालू), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) ६२, सोनोग्राफी नॉर्मल.

सध्या चालू: शतावरी कल्प दोन-दोन चमचे दोनदा, अश्वगंधा कॅप्सूल ५०० मिलिग्रॅम दोनदा, फॉलिक ॲसिड. घरचे राजःप्रवर्तिनी वटी घे म्हणतात. शिवाय ऑनलाइन एक जण 'व्हायटेक्स म्हणजे आपली निर्गुंडीच' असं सांगून चूर्ण विकतोय. यातलं काय ठेवायचं? 'टेन्शन घेऊ नकोस' हे उत्तर कृपया नको, ते घरी रोज मिळतं.

अंकमोड
औषधी वनस्पतींचं नंतर बघू. प्रोलॅक्टिन ६२ हे निव्वळ ताणाचं वाटत नाही. ताणाने ते वाढतं, पण सहसा थोडंच. ॲसिडिटीसाठी काही घेता का? ब्रँडचं नाव नको, पट्टीमागे बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा.

चिमणबाग
हो. रॅबेप्राझोल २० + लेवोसल्पिराइड ७५. रात्रीच्या आठवड्यात रोज एक. ते लिहायचं सुचलंच नाही, ॲसिडिटीची गोळी म्हणजे काय औषध वाटतच नाही.

अंकमोड
इथेच धागा सापडतो. लेवोसल्पिराइड आणि तशाच गोळ्यांत असणारं डॉम्पेरिडोन, दोन्ही डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं काम अडवतात. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन किती सुटावं यावर लगाम असतो तो डोपामिनचाच. लगाम सुटला की प्रोलॅक्टिन चढतं, मेंदूतून जीएनआरएचचे (पिट्युटरीला चालना देणाऱ्या हार्मोनचे) ठोके मंदावतात, एलएच (बीज सोडवणारं हार्मोन) कमी पडतं आणि बीज उशिरा सुटतं किंवा सुटतच नाही. जागरण, उपासमार आणि कामाचा ताण कॉर्टिसॉलच्या वाटेने त्याच जीएनआरएचवर येऊन बसतात. म्हणजे तुमच्याकडे एकाच ठिकाणी दोन ओझी आहेत. त्यातलं एक पट्टी बदलून उतरण्यासारखं आहे.

१. डॉक्टरांना सरळ विचारा: 'ॲसिडिटीचं औषध लेवोसल्पिराइड आणि डॉम्पेरिडोन नसलेलं देता का?' त्यांच्या संमतीने ते थांबवून किमान तीन दिवसांनी प्रोलॅक्टिन पुन्हा करा. बहुतेक लॅबमध्ये गरोदर नसलेल्या बाईसाठी वरची मर्यादा २५ च्या आसपास असते.

२. नमुना देण्याची वेळ. 'सकाळी ८ वाजता या' हा नियम रात्री झोपणाऱ्यांसाठी आहे. प्रोलॅक्टिन झोपेत चढतं, म्हणून तुमच्यासाठी नियम असा: जाग आल्यावर दोन-तीन तासांनी, आणि लॅबमध्ये दहा-पंधरा मिनिटं शांत बसून. शिफ्ट संपवून थेट जाऊन दिलेला किंवा डुलकी मोडून दिलेला नमुना फसवतो. औषध थांबवूनही आकडा उतरला नाही तर डॉक्टर पुढची तपासणी सांगतील, एमआरआयसुद्धा सांगू शकतात. तेव्हा घाबरू नका, टाळूही नका.

३. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी दोन दिवस बंद. थायरॉइडचे आकडे त्याने चुकतात.

खलबत्ता
आता तुमच्या डब्यातलं एकेक.

अश्वगंधा. नीमच-मंदसौरचं पीक म्हणून आपल्या माळव्यात ती घरचीच वाटते आणि लोक निर्धास्त असतात. ताण आणि झोपेसाठी मुळीचा अर्क उपयोगी पडल्याचे छोटे अभ्यास आहेत, पण तुमच्या बाबतीत दोन अडचणी. एक, ती थायरॉइडचं हार्मोन वाढवू शकते. थायरॉक्सिनसोबत चालू ठेवली तर टीएसएच खाली आल्याचं श्रेय गोळीला द्यायचं की कॅप्सूलला, हे कळत नाही आणि डोस चुकतो. दुसरी, गर्भारपणात ती टाळतात. बीज सुटल्यापासून पाळी चुकेपर्यंतच्या दोन आठवड्यांत गर्भ आहे की नाही हे तुम्हालाही ठाऊक नसतं. म्हणून प्रयत्न चालू असताना ती नकोच. यकृताला त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत: डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज दिसली की त्याच दिवशी डॉक्टर.

शतावरी. ठेवायला हरकत नाही, पण तिने बीज वेळेवर सुटतं असं माणसांवरच्या मोठ्या अभ्यासातून सिद्ध झालेलं नाही. आणि तुम्ही घेताय तो कल्प आहे, त्यात बहुतांश साखर असते. दोन-दोन चमचे दोनदा म्हणजे दिवसाला साधारण २० ग्रॅम दाणे. शतावरीच हवी तर साध्या मुळीचं चूर्ण घ्या आणि क्षीरपाक करा. प्रमाण १ : ८ : ३२. ५ ग्रॅम चूर्ण, ४० मिली दूध, १६० मिली पाणी. मंद आचेवर फक्त दुधाइतकं उरेपर्यंत आटवायचं, गाळायचं, कोमट प्यायचं. घाई करून मोठ्या आचेवर ठेवलं तर दूध तळाला लागतं आणि चव जाते.

सियागंजमधून घेत असाल तर अख्खी मुळी घ्या आणि घरी कुटा. सोललेली, मधली दोरी काढलेली हवी. शतावरी ओलावा ओढते, त्यामुळे पावसाळ्यात ती चिवट होते आणि कीड धरते. लवचिक मुळी किंवा गोळे झालेलं चूर्ण घेऊ नका.

राजःप्रवर्तिनी वटी: नाही. तिच्यात कोरफडीचा सार (एळिया), हिराकस, टाकणखार आणि हिंग. नावातच काम आहे, पाळी आणणं. ४२ व्या दिवशी 'पाळी लांबली' म्हणून ती घेतली आणि बीज २८ व्या दिवशी सुटलं असेल, तर ज्या गर्भाची वाट पाहताय त्यावरच प्रयोग होतो. शिवाय पाळी आली तरी बीज सुटलं असं होत नाही. कुमारी आसवाचंही (तेही कोरफडीचंच) तेच. आधी लघवीची गर्भचाचणी, मग बाकी चर्चा.

गराडू
निर्गुंडीवाल्याला दोन शब्द. परदेशी दुकानात व्हायटेक्स म्हणून मिळतं ते व्हायटेक्स ॲग्नस-कास्टसचं फळ. निर्गुंडी म्हणजे व्हायटेक्स निगुंडो. कूळ एक, झाड वेगळं. प्रोलॅक्टिनवरचा थोडाफार अभ्यास पहिल्याचा आहे, तो दुसऱ्याच्या डबीवर चिकटवता येत नाही. आणि पहिलंही तुम्हाला नको: ते डोपामिनच्याच वाटेने काम करतं, जी वाट तुमच्या गोळीने अडवली आहे. एक गोळी ब्रेक दाबते म्हणून दुसऱ्या पुडीने ॲक्सिलरेटर दाबायचा, यापेक्षा ब्रेकवरचा पाय काढा!

'हमखास गर्भधारणा' असं छापणारा दिसला तर एवढं लक्षात ठेवा की १९५४ च्या औषध आणि जादूटोणा उपचार जाहिरात कायद्यात स्त्री-वंध्यत्वावरच्या औषधाची जाहिरात करायलाच बंदी आहे. घटक न छापलेली सुटी पुडी तर घरातही नको. शिसं-पारा निघालेल्या पुड्या पकडल्या गेल्या आहेत, आणि शिसं वारेतून बाळापर्यंत जातं.

चिमणबाग
आभार. बीज कधी सुटतं हे ४०-४५ दिवसांच्या चक्रात कसं ओळखायचं? लॅबने 'एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन' सांगितलं होतं, ते ०.६ आलं.

अंकमोड
एकविसावा दिवस २८ च्या चक्राचा. बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचा काळ साधारण १२-१४ दिवस राहतो. लांबतो तो आधीचा भाग. ताण, जागरण, प्रोलॅक्टिन सगळे तिथेच वेळ खातात. तुमचं चक्र ४२ चं असेल तर बीज २८ च्या आसपास, म्हणून प्रोजेस्टेरॉन पस्तिसाव्या दिवशी. ३ नॅनोग्रॅमच्या वर आलं तर बीज सुटलं असं धरतात. एकविसाव्याचं ०.६ म्हणजे 'अजून वेळ आहे' एवढंच.

एलएचच्या पट्ट्या (लघवीत बुडवून एलएच वाढलं का ते बघायच्या): सर्वांत लहान चक्रातून १७ वजा करा. ३८ − १७ = २१, एकविसाव्या दिवसापासून रोज. वेळ एकच ठेवा, आधी तीन-चार तास लघवी रोखलेली असावी, पाणी ढसाढसा पिऊ नका. दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा जास्त गडद झाली तरच होकार. त्यानंतर २४-३६ तासांत बीज सुटतं. पट्ट्या सुरू केल्या की दिवसाआड संबंध ठेवा, रेघेची वाट बघत बसू नका: शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकतात, बीज जेमतेम १२-२४ तास. सकाळच्या तापमानाचा तक्ता मात्र फिरत्या शिफ्टमध्ये विसरा.

खलबत्ता
शिफ्टबद्दल. आठवड्याला पालटणारी शिफ्ट सर्वांत वाईट, शरीर जुळवून घेईपर्यंत पुन्हा उलटते. निदान तीन-चार आठवडे एकच शिफ्ट आणि बदल सकाळ→दुपार→रात्र या क्रमाने, एवढं लेखी मागा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. घरी परतताना कॅबमध्ये गडद चष्मा, खोलीत जाड पडदे, शेवटचा चहा झोपेच्या सहा तास आधी. पूर्ण जेवण शिफ्टच्या आधी, मध्यरात्री हलकं. रात्री दोनला समोसे आणि तीनला ॲसिडिटीची गोळी, हे चक्र तिथूनच सुरू होतं. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, चहाच्या तासभर आधी. लोह किंवा कॅल्शियम घेत असाल तर चार तासांचं अंतर.

गराडू
यजमानांचा रिपोर्ट कुठेय? आपल्याकडे चूर्णं-वट्या सगळ्या बाईच्याच पोटात जातात. वीर्यतपासणी २ ते ७ दिवसांच्या संयमानंतर, नमुना तासाभरात लॅबमध्ये. डब्ल्यूएचओच्या वीर्यतपासणी पुस्तिकेच्या २०२१ च्या आवृत्तीत खालच्या मर्यादा अशा: वीर्य १.४ मिली, शुक्राणू प्रतिमिली १.६ कोटी, हालचाल करणारे ४२ टक्के. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून मांडीवरचा लॅपटॉप आणि तंबाखू आज सोडली तर फरक तेव्हा दिसेल.

चिमणबाग
तपासणी झालीच नाही. या शनिवारी. एक शेवटचं: वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबा असं सगळे म्हणतात, ते?

अंकमोड
ते नियमित पाळी असणाऱ्यांसाठी. पस्तिशीनंतर सहा महिने, आणि चक्र ३५ दिवसांच्या वर जात असेल तर लगेच. जाताना शेवटच्या सहा पाळ्यांच्या तारखा, त्यांच्यासमोर कोणत्या आठवड्यात रात्र होती ते, आणि चालू असलेली प्रत्येक पट्टी-डबी पिशवीत घालून न्या. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम चालूच ठेवा.