मदत हवी आहे: बास आणि गिटार थेट माईक प्रीॲम्पमधून घेतोय, आवाज दबलेला येतो

मंद्र४१
दोन चॅनेलचा ट्यूब माईक प्रीॲम्प (माईकचा क्षीण सिग्नल वाढवणारा डबा) आहे, पुढे इंटरफेसचं (कॉम्प्युटरला आवाज देणाऱ्या डब्याचं) लाईन इन. बास आणि गिटार प्रीॲम्पमध्ये थेट लावली की आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. गेन जवळजवळ पूर्ण उघडावा लागतो, मग सूंऽऽ सुरू. इक्यूवर ३ किलोहर्ट्झला ९ डीबी चढवले, नुसती खरखर वाढली. प्रीॲम्प गेलाय का? उद्या ट्रॅक द्यायचे आहेत. ‘ॲम्पसमोर माईक लावा’ हे कृपया सांगू नका.

ओहमवाला
"थेट" म्हणजे कुठल्या भोकात? एक्सएलआर की जॅक? बास ॲक्टिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट असलेला) की पॅसिव्ह? मध्ये डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल माईक इनपुटला जुळवणारा डबा) आहे का?

तारकरी
तारा किती जुन्या आहेत? गोल गुंडाळीच्या नव्या तारा चढवा, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

मंद्र४१
तारा नव्या आहेत. प्रीॲम्पला फक्त एक्सएलआर आहे, म्हणून जॅक-ते-एक्सएलआर वायर वापरतोय. दोन्ही वाद्यं पॅसिव्ह. फँटम (माईकला वायरीतूनच जाणारे ४८ व्होल्ट) चालू आहे, दोन्ही चॅनेलना एकच बटण आहे आणि दुसऱ्यावर कंडेन्सर माईक असतो.

ओहमवाला
आधी फँटम बंद करा. तशा वायरीत पिन १ आणि ३ जोडलेल्या असतात. पिन २ वरचे ४८ व्होल्ट ६.८ किलोओहममधून सरळ पिकअपवर (तारांची थरथर पकडणाऱ्या चुंबकी गुंडाळीवर) जातात, साधारण ३ मिलिअँप. पिकअप जळणार नाही, पण व्हॉल्यूम फिरवला की करकर होईल. ॲक्टिव्ह बास असता तर आतलं सर्किट उडू शकलं असतं.

प्रीॲम्प ठीक आहे, घोळ इम्पीडन्सचा (सिग्नलला होणाऱ्या एकूण विरोधाचा) आहे. माईक इनपुट साधारण १.५ किलोओहम, पिकअपचा नुसता रेझिस्टन्स १० किलोच्या आसपास. म्हणजे जवळपास १८ डीबी दारातच गेले, म्हणून गेन उघडावा लागतो. शिवाय पिकअप ही गुंडाळी आहे. ३ हेन्री धरले तर या भारावर साधारण ६०० हर्ट्झच्या वरचं सगळं उतरत जातं. इतकं उतरलेलं इक्यूने परत आणायला गेलात की सोबत सूंऽऽ वर येणारच. पिकअपला समोर १ मेगाओहम लागतो.

सुगम_संगीत
मग इंटरफेसच्या लाईन इनमध्ये थेट लावा की.

ओहमवाला
लाईन इन बहुधा १० किलो. नुकसान कमी, पण आवाज मंदच. ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ असं (थेट वाद्य लावण्यासाठीचं) बटण आहे का?

मंद्र४१
आहे. पण मला ट्यूबचा रंग हवाय.

कथीलवाला
बटण आहे हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर धागा तिथेच संपला असता. असो. पॅसिव्ह डीआय घ्या. ट्रान्सफॉर्मर १०:१ म्हणजे इम्पीडन्स १००:१, तुमचे १.५ किलो पिकअपला १५० किलो दिसतील. सिग्नल २० डीबी उतरतो, माईक प्रीॲम्पला तेच हवं असतं. बॅटरी नको, फँटम नको.

ओहमवाला
बासला चालेल. गिटारला १५० किलो कमीच, हमबकर (दुहेरी गुंडाळीचा पिकअप) असेल तर वरची चमक बोथट होते. गिटारला ॲक्टिव्ह डीआय हवा.

कथीलवाला
ॲम्प सिम (ॲम्प-स्पीकरची सॉफ्टवेअर नक्कल) लावल्यावर ५ किलोहर्ट्झच्या वर स्पीकर तसाही काही देत नाही. उगाच खर्च.

ओहमवाला
पिकअपचा रेझोनन्स (जिथे त्याचा आवाज सर्वात उठतो तो उंचवटा) साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्येच असतो, आणि नेमका तोच दबतो. शिवाय सिमचं डिस्टॉर्शन त्याच उंचवट्यावर चालतं.

सोल्डर_आजोबा
दोघांनी भांडू नका. टीएल०७२ या ऑप-ॲम्प चिपचा बफर (पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं सर्किट) बनवा. इनपुटला २२ नॅनोफॅरड, मग १ मेगा बायसला, बायस दोन १० किलोंतून ४.५ व्होल्ट, त्यावर १० मायक्रो. आउटपुटला १ मायक्रो. ९ व्होल्ट बॅटरी.

ओहमवाला
आउटपुटला १ मायक्रो नको! १.५ किलोच्या भारावर १०६ हर्ट्झपासून खाली घसरेल, बासचा खालचा ई ४१ हर्ट्झचा. १० मायक्रो घाला. फँटम चुकून चालू होण्याची शक्यता असेल तर तो ६३ व्होल्टचा घ्या. आणि प्रीॲम्पचा २० डीबी पॅड (सिग्नल उतरवणारं बटण) दाबा, नाहीतर जोरात वाजवल्यावर फाटेल.

मंद्र४१
उद्यापर्यंत सोल्डरिंग होणार नाही. ट्यूनर पेडल आहे, चालेल?

कथीलवाला
पेडलची वीज काढा. तरी आवाज जात असेल तर ट्रू बायपास (सिग्नल नुसता तारेतून सरळ जातो), उपयोग शून्य. आवाज मेला तर आत बफर आहे. मग वीज परत द्या, ट्यूनर बंद ठेवा (चालू केला की बहुतेक म्यूट होतो) आणि तुमचीच वायर पुढे लावा. पॅड दाबा, फँटम बंदच. टोकं उणे १२ डीबीच्या आसपास राहू द्या.

मंद्र४१
वीज काढल्यावर आवाज मेला. बास उघडला, गिटारही. पण आता घूंऽऽ येतोय.

ओहमवाला
लॅपटॉपचा चार्जर काढा. गेला तर ग्राउंड लूप (ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेल्याने येणारा घूं). तेव्हा पेडलनंतर पॅसिव्ह डीआय लावून ग्राउंड लिफ्ट (ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) दाबायचं. बफरपुढे १५० किलो पुरेसे आहेत, आता दोघांचंही खरं. नाही गेला तर गिटार घेऊन जागेवर फिरा. सिंगल कॉइल असेल तर एका दिशेला घूं कमी होतो.

मंद्र४१
चार्जरच होता. बॅटरीवर घेतो.

तारकरी
अवांतर: युकुलेलेच्या पिझोला (दाबावर चालणाऱ्या पिकअपला) हाच बफर चालेल का?

सोल्डर_आजोबा
१ मेगाच्या जागी १० मेगा घाला, नाहीतर खर्ज पातळ येईल. आणि वायर आखूड ठेवा.