ध्येय ठरले, तरी मंडळी एकत्र का येत नाही?

प्रश्न (परळ)

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. आमची मंडळी, म्हणजे आमचे चर्च, गिरणगावातील जुनी मराठी मंडळी आहे. गिरण्या बंद पडल्यावर अनेक कुटुंबे कल्याण, विरार, पनवेलकडे गेली आणि आता ती मेगाब्लॉकची वेळ सांभाळून रविवारच्या उपासनेला येतात. तरुण सभासद मात्र जवळच भाड्याने राहतात. ज्येष्ठांना पेटी-तबल्यावरची भजने हवीत, तरुणांना गिटार हवी. ‘सेवा’ हे ध्येय वार्षिक सभेत एकमताने मंजूर झाले, पण त्यानंतरही कमिटीची प्रत्येक बैठक सभागृहाचा वापर आणि हिशेब यांवरच अडते. ध्येयाभोवती मंडळी प्रत्यक्षात एकत्र कशी येते?

उत्तर (भायखळा)

मंजूर झालेला शब्द फार व्यापक आहे. त्याला विरोध करण्याजोगे त्यात काही नाही आणि म्हणूनच त्याच्यासाठी कोणी उठून कामाला लागत नाही. आपल्या परळमध्येच टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. देशभरातून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक आसपासच्या पदपथांवर दिवस काढतात. त्यांच्यासाठी नेमके एक काम निवडावे, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला विचारून गरज समजून घ्यावी आणि मदत कोणत्याही अटीविना द्यावी.

काम कोणाच्या हाती द्यावे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. बायबलच्या नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये पहिल्या मंडळीतील ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूद्यांची तक्रार होती की, रोजच्या अन्नाच्या वाटणीत त्यांच्या विधवांची उपेक्षा होते. तेव्हा या वाटणीसाठी निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांवर संपूर्ण वाटणी सोपवली गेली, असा याचा अर्थ मी घेतो. आपल्याकडे हिशेबावर सर्वांत जास्त प्रश्न विचारणाऱ्या सभासदालाच या कामाचा खजिनदार करावे.

उत्तर (ठाणे)

वरील सूचना मला मान्य आहे, पण ती अपुरी वाटते. बायबलमधील फिलिप्पै शहराच्या मंडळीतील युवदीया आणि सुंतुखे या दोघी स्त्रिया प्रेषित पौलाबरोबर सुवार्तेसाठी झटल्या होत्या, म्हणजे त्यांचे काम एकच होते, तरीही त्यांच्यात बेबनाव झाला. पौल आपल्या पत्रात त्या दोघींना नाव घेऊन वेगवेगळी विनंती करतो आणि तिसऱ्या सहकाऱ्याला त्यांना साहाय्य करण्यास सांगतो. सामाईक काम दुखावलेले मन आपोआप भरून काढत नाही. ज्या ज्येष्ठांना आपल्याला बाजूला सारल्यासारखे वाटते, त्यांच्या घरी पाळकांनी (पास्टरांनी) आणि एखाद्या तरुण सभासदाने जाऊन बसावे, आणि ही भेट सेवेचे काम सुरू होण्याआधीच व्हावी.

उत्तर (दादर)

संगीताचा वाद मिटेपर्यंत थांबू नका, एवढेच मला आग्रहाने सांगायचे आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे वेगवेगळ्या पंथांच्या सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्यांत बालकांचा बाप्तिस्मा करणारे होते आणि प्रौढपणी विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणारेही होते. हा प्रश्न भजनांच्या प्रश्नाहून कितीतरी मोठा होता, तरी दोन्ही पद्धतींना एकाच मंडळीत जागा ठेवली गेली. तुम्हीही दोन्ही प्रकारच्या उपासना चालू ठेवू शकता.

मात्र कल्याण-विरारच्या सभासदांना या सेवेत केवळ अर्पण देणारे समजू नका. त्यांना आठवड्यात परळला येणे जमणार नाही, पण रुग्णांच्या घरच्यांशी फोनवर बोलणे किंवा कागदपत्रे समजावून सांगणे त्यांना घरबसल्या जमेल. त्यांपैकी काहींचे जुने शेजारी अजून परळच्या चाळींत राहतात. रुग्णांच्या नातेवाइकांच्या मुक्कामासाठी खोली शोधताना त्या ओळखी फार उपयोगी पडतील.