चेंगडू-चोंगछिंगमधील हॉटपॉट : गोमांस न खाणाऱ्यांची सोय कशी होते?

प्रश्न

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मी, पत्नी, चौदा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले वडील असे चौघे आठ दिवसांसाठी चीनमधील चेंगडू आणि चोंगछिंग येथे जाणार आहोत. तिथवर जाऊन हॉटपॉट, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्शात भाज्या-मांस शिजवून खाण्याचा प्रकार, न खाता परतणे मनाला पटत नाही. परंतु आम्ही गोमांस खात नाही, वडील तर पूर्ण शाकाहारी आहेत, आणि तिथल्या लाल रश्शात गाईबैलांची चरबी असते असे वाचनात आले. एकाच टेबलावर बसून चौघांना निर्धास्तपणे जेवता येईल का? तिखटाचा अंदाज कसा घ्यावा, हेही अनुभवी मंडळींनी सांगितल्यास उपकृत होईन.

उत्तर १

आपली शंका रास्त आहे. चोंगछिंगच्या पारंपरिक लाल रश्शाचा पायाच मुळी ती चरबी असते. तिला तिथे ‘न्यो-योउ’ म्हणतात. भांडे टेबलावर येते तेव्हा कित्येकदा चरबीची घट्ट लाल वडी मिरच्यांसकट वर तरंगत असते आणि आच लागली की ती हळूहळू विरघळते. मात्र वनस्पती तेलात, बहुधा मोहरीच्या कुळातल्या रेपसीडच्या तेलात, केलेला रस्साही अनेक ठिकाणी मिळतो. त्याला ‘छिंग-योउ’ म्हणतात. हे दोन शब्द चिनी लिपीत फोनवर लिहून ठेवावेत आणि बसण्याआधीच दाखवावेत, कारण मेन्यू बहुतेक वेळा टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन करून फोनवरच उघडतो आणि तिथे घाईत बोट कुठेही पडते.

भांडे निवडतानाही सावध राहावे. चोंगछिंगचे नऊ खणांचे भांडे दिसायला मोहक असते, पण त्यातली जाळी तळाला टेकलेली नसते. खण वरून वेगळे दिसले तरी खालून रस्सा एकच असतो. मधल्या खणात उकळी जोरदार आणि कोपऱ्यांत मंद, एवढाच त्या खणांचा उपयोग. आपल्याला हवे ते ‘युआनयांग’, म्हणजे मधोमध पक्की भिंत असलेले, एकीकडे लाल आणि दुसरीकडे पांढरा रस्सा देणारे भांडे.

उत्तर २

तिखटाविषयी लिहितो. लाल रश्शात दोन निरनिराळ्या गोष्टी घडतात. मिरची जाळते, आणि ‘ह्वाज्याओ’ जीभ बधिर करते. ह्वाज्याओ म्हणजे तिरफळाच्याच कुळातले फळ. त्याने ओठांना मुंग्या येतात, त्यामुळे पहिल्यांदा खाणाऱ्याला काहीतरी बिघडले आहे असे वाटते. ‘वेइ-ला’, म्हणजे किंचित तिखट, हीच पायरी मागावी; तिथला किंचितपणा तिथल्या जिभेने ठरवलेला असतो, हे ध्यानात असू द्यावे.

माझी चूक सांगतो. पहिल्याच जेवणात मी पालेभाजीची जुडी लाल बाजूला सोडली. बाहेर काढली तेव्हा पानापानांत तेल भरले होते आणि देठांच्या बेचक्यांत ह्वाज्याओचे दाणे अडकले होते. एक घास घेतला आणि पुढची पाच मिनिटे मला बोलता आले नाही. पालेभाज्या आणि तेल शोषणारे टोफूचे प्रकार पांढऱ्या बाजूला, तर बटाटा, कमळकाकडी आणि मांसाचे काप लाल बाजूला, असा नियम मी तेव्हापासून पाळतो.

तिळाचे तेल आणि ठेचलेला लसूण असलेल्या वाटीत घास बुडवूनच खावा. हे तेल चवीसाठी असतेच, शिवाय घास निववते आणि मिरचीचा दाह पाण्यात न विरघळता तेलात विरघळत असल्यामुळे तो सौम्यही करते. पाणी पिऊन काहीच साधत नाही. थंड सोयादूध किंवा आलुबुखाराचे आंबटगोड पेय मागवावे.

उत्तर ३

उत्तर १ शी मी बव्हंशी सहमत आहे, पण वडिलांच्या बाबतीत युआनयांगवर विसंबू नये. पांढरा रस्सा म्हणजे शाकाहारी, हा समज चुकीचा आहे. तो बहुधा कोंबडीच्या किंवा डुकराच्या हाडांचा असतो आणि मशरूमच्या रश्शातही तेच पाणी असू शकते. शिवाय गप्पांच्या ओघात एकाच चॉपस्टिक्स दोन्हीकडे फिरतात. प्रत्येकाला स्वतंत्र छोटे भांडे देणारी हॉटेले शोधावीत आणि वडिलांसाठी साध्या पाण्यात आले व मशरूम घालून मागावे. चेंगडूत वेनशू या बौद्ध मठाच्या आवारात शाकाहारी उपाहारगृह आहे. एखादे जेवण तिथे ठेवल्यास त्यांना दर वेळी चौकशी करावी लागणार नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. स्वतंत्र भांड्यांचा मार्ग आम्हाला सोयीचा वाटतो. आता दोनच शंका उरल्या. मुलीला बदकाची आतडी चाखायची आहेत. ती किती वेळ शिजवावीत? आणि पैसे रोख चालतात का?

उत्तर २

वजडी आणि आतड्यांसाठी तिथे ‘सात वेळा वर, आठ वेळा खाली’ असा हिशोब सांगतात. चॉपस्टिक्समधून न सोडता उकळत्या रश्शात बुडवायचे, उचलायचे, पुन्हा बुडवायचे. पंधरा सेकंदांच्या आसपास कडा आक्रसल्या की खायचे. जास्त ठेवल्यास ती रबरासारखी होतात. प्रसिद्ध ‘माओदू’ मात्र गाईबैलांच्या जठराची वजडी असते, ती टाळावी. रोख रक्कम घेतात, पण सुटे मिळताना खोळंबा होतो. अलीपे या चिनी पेमेंट ॲपला परदेशी कार्ड जोडता येते, ते निघण्यापूर्वीच जोडावे. बिलात रश्शाचे आणि चटणीच्या वाटीचे पैसे वेगळे दिसले तर गोंधळून जाऊ नये, तशी पद्धतच आहे. आणि त्या दिवशी धुता येतील असेच कपडे घालावेत, कारण हॉटेलने ॲप्रन दिला तरी वास कोटात मुक्कामाला येतो.