पंचायतीचं मोफत त्रैमासिक घरोघरी पोचवायचं कसं?

उपनगरी
कोल्हापूर शहराच्या हद्दीला चिकटलेली मोठी ग्रामपंचायत. (हद्दवाढीवर इथं नको, तो वाद वेगळा.) पंचायतीचं त्रैमासिक निघतं. ए-फोर, २४ पानं, त्यात पाण्याचं वेळापत्रक, घरफाळ्याच्या तारखा, ग्रामसभेचे ठराव. नमुना ८ वर, म्हणजे घरफाळ्याच्या नोंदवहीत, ७,४०० मिळकती, म्हणून ७,५०० प्रती छापतात. वाटायला पाणीपुरवठ्याची माणसं आणि कचऱ्याचा टिपर. एका गल्लीत दोन-दोन प्रती पडतात, पलीकडच्या गल्लीत एकही नाही. भाडेकरू आणि मळ्यातली दीडशेएक घरं कायम सुटतात, तरी कार्यालयात गठ्ठे पडूनच. जूनचा अंक पावसाआधी वाटून संपवायचाय. पेपरवाल्यांकडून टाकून घ्यावा की बचत गटाला काम द्यावं?

गल्लीबोळ
आधी तो ७,४०० चा आकडा सोडा. नमुना ८ ही कराची नोंदवही आहे, चुलींची यादी नव्हे. त्यात मोकळे प्लॉट, गोठे, दुकानगाळे, बंद शेड सगळं येतं. उलट तीन खोल्या भाड्यानं दिलेलं घर तिथं एकच ओळ असतं. वसुली कर्मचाऱ्याला शेजारी बसवून यादीवर खुणा करा: मोकळी जागा वजा, नुसतं दुकान वजा, भाडेकरू असतील तर जितक्या चुली तितक्या प्रती. दोन दिवसांचं काम, पण एकदाच करायचं. खरा आकडा बहुधा साडेसहा हजारांच्या आसपास येईल. त्यावर शंभराला तीन प्रती जादा धरा, बस्स.

मग बीट पाडा, म्हणजे गावाचे वाटपासाठी भाग करा. राजारामपुरीसारखी पहिली गल्ली, दुसरी गल्ली अशी सोय गुंठेवारीत नसते, म्हणून हद्द ठरवताना विजेची डीपी, बोअर, देऊळ, पिठाची गिरणी अशा खुणा लिहा. ४५० ते ५०० घरांचं एक बीट म्हणजे एका माणसाचा एक दिवस. सलग घरांच्या गल्लीत तासाला शंभरएक प्रती जातात. जाताना उजवी ओळ, येताना डावी. सारखा रस्ता ओलांडला की घरं सुटतात, ती अशीच. अपार्टमेंटमध्ये लिफ्टनं वर जाऊन जिन्यानं खाली यायचं, दारोदार. वॉचमनकडं चाळीस प्रतींचा ढीग ठेवला तर तो आठवडाभरानं पार्किंगमध्येच दिसतो.

पेपरवाल्यांचं म्हणाल तर एका पानाचं पत्रक ते टाकतात. पहाटे सायकलीवर पेपरची गुंडाळी करताना २४ पानांचा अंक आतून निसटतो, म्हणून त्यांनाच तो नको असतो. शिवाय दोन पेपर घेणाऱ्याकडं दोन अंक, आणि पेपर न घेणाऱ्याकडं शून्य. तुमची निम्मी तक्रार तिथंच तयार होते.

टिपर तर नकोच. बाई एका हातात ओला कचरा, दुसऱ्या हातात सुका घेऊन आलेली असते. अंक धरायला तिसरा हात कुठून आणायचा? तो कचऱ्यावरच पडतो.

बचत गटाला द्या, पण रोजावर नको, प्रतीवर. दीड-दोन रुपये प्रत. ऐंशी टक्के पैसे बीट संपल्यावर, उरलेले वीस टक्के तपासणी झाल्यावर.

सेंटरपिन
छापखान्याच्या बाजूनं काही गोष्टी. आतली २० पानं ७० जीएसएम (कागदाचं चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन) आणि कव्हर १३० जीएसएम धरलं तर प्रत साधारण ६० ग्रॅम भरते. पन्नासचा गठ्ठा तीन किलो. साडेसहा हजार प्रती म्हणजे १३० गठ्ठे, चारशे किलोच्या आत, छोटा हत्ती एका खेपेत नेतो. शंभराचा गठ्ठा बांधायला सांगू नका, सहा किलो खांद्याला लावून बाया गल्ली फिरणार नाहीत.

सेंटर पिनचा, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेला अंक पाठीकडं फुगतो. सगळे एकाच बाजूनं रचले तर गठ्ठा कलतो आणि सुतळी आवळली की वरखालचे अंक दुमडतात. २५ एका तोंडानं, २५ उलटे, वरखाली पुठ्ठा, असं ऑर्डरमध्येच लिहा. मधून एक घडीही छापखान्यातच मारून घ्या. घरांना टपालपेटी नसते, ग्रिलच्या कडीत किंवा दाराखालून घडीचाच अंक जातो.

आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या कडेवर मार्करचा एक फराटा ओढा, बीटनुसार रंग आणि जागा बदलून. एका फराट्यात पन्नासही प्रतींवर ठिपका उमटतो. गठ्ठा रद्दीवाल्याकडं सापडला तर कुठल्या बीटचा ते तिथंच कळतं. वाटणाऱ्यांना हे आधीच दाखवून ठेवायचं, मग शोधायची वेळ सहसा येत नाही.

उपनगरी
फराट्याची युक्ती भारी. कुलूप असलेल्या घरांचं काय? आणि घरफाळ्याच्या बिलाबरोबरच अंक दिला तर एका फेरीत दोन्ही होतील ना?

गल्लीबोळ
बिलाबरोबर नको. बिल मालकाला पोचल्याची सही लागते, माणूस दारात थांबून राहतो, वर थकबाकीचा वाद. तासाला शंभरचे चाळीस होतात. आणि मालक शहरात राहत असेल तर भाडेकरू पुन्हा कोरडाच.

कुलूप दोन प्रकारचं. दिवसाचं असेल तर अंक दाराखालून पूर्ण आत सरकवायचा. अर्धा बाहेर राहिला तर घरात कुणी नाही हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं. कडीवर धूळ आणि जुनी बिलं दिसली तर टाकायचा नाही, तक्त्यात "बंद" लिहायचं. तक्त्यात रकाने चारच: गल्ली, दिल्या, बंद, नको म्हणाले. पुढच्या अंकाची छपाई याच बेरजेवर.

तपासणी त्याच आठवड्यात, बीटमागे वीस-पंचवीस घरं. "अंक मिळाला का?" असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. "मागच्या पानावर कशाचा फोटो होता?" असं विचारायचं.

बांधावरून
मळ्यातल्या घरांना चालत वाटणारा लावू नका, तासाला तीसही होत नाहीत, आणि कुत्री वेगळीच. ती घरं सकाळ-संध्याकाळ दूध घालायला संस्थेत येतातच. दूध बिल दर दहा दिवसांनी निघतं, त्या दिवशी संस्थेच्या सचिवाकडं सभासद यादी आणि तेवढेच अंक द्या. दिला की नावापुढं टिक. जनावरं नसलेली थोडी घरं उरतील, तेवढ्यांसाठी दुचाकीवरून एक फेरी. त्या फेरीतल्या प्रतींना दर दुप्पट धरा, पेट्रोल निघालं पाहिजे.

पावसाचं म्हणाल तर ३१ मे ही शेवटची तारीख धरा, म्हणजे अंक छापखान्यातून २० मेपर्यंत हातात हवा. वळवाची सर दुपारनंतर येते, वाटप सकाळी आठ ते एक. गठ्ठे फरशीवर ठेवू नका, खाली लाकडी फळ्या टाका, ओल खालच्या अंकापासून चढते. पुढचा अंक सप्टेंबरचा असेल तर गणपतीच्या तारखा बघून घ्या, त्या दहा दिवसांत गटातलं कुणीही मोकळं नसतं.

नियमावली
दोनच गोष्टी. निवडणुकीची आचारसंहिता लागली की सरपंच-सदस्यांचे फोटो असलेला अंक वाटता येत नाही, छापून तयार असला तरी गठ्ठे कार्यालयातच राहतात. तारखांचा अंदाज घेऊन छपाईची ऑर्डर द्या. दुसरं, ठरावीक काळानं निघणाऱ्या आणि सार्वजनिक बातम्या देणाऱ्या अंकाला नोंदणीचा कायदा लागतो. १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नवा कायदा आहे, अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन. शीर्षक आधी तिथं तपासा, मग मुखपृष्ठ करा.

उपनगरी
उरलेल्या प्रतींचं?

सेंटरपिन
वाचनालय, रेशन दुकान, दवाखाना, तालीम, प्रत्येकी दहा. वीस प्रती दफ्तरी. त्यावर उरल्या तर पुढच्या वेळी तेवढ्या कमी छापा.