वेक_अप() करण्याआधी क्यूत कोणी झोपलंय का बघणं: बग की शहाणपण?

फणसगरा:
रत्नागिरीत घरून काम करतो, एका एआरएम बोर्डाचा (प्रोसेसर इंटेलपेक्षा वेगळ्या जातीचा) लिनक्स ड्रायव्हर बघतो. दोन आठवडे एकाच बगने डोकं खाल्लंय. आमची प्रोसेस यंत्राला कमांड पाठवते आणि उत्तराची वाट बघत वेट क्यूवर (वाट बघणाऱ्या प्रोसेसची रांग) झोपते, उत्तर एकदाच येतं, आणि हजारो कमांडीत एखाद वेळी ती झोपते ती उठतच नाही. प्रिंट टाकले की बग गायब! शेवटी सापडलं. इंटरप्ट हँडलरमध्ये (यंत्राने हाक मारली की चालणारा कोड) आधीच्या माणसाने लिहिलंय की 'उत्तर आलं' हा फ्लॅग लाव, मग वेटक्यू_ॲक्टिव्ह() ने क्यूत कोणी आहे का बघ, असेल तरच वेक_अप() करून उठव. हे बघणं क्यूचं लॉक न घेता चाललंय. मी म्हणतो ती तपासणीच उडवा, वेक_अप() थेट करा. सिनियर म्हणतो परफॉर्मन्स जाईल, बॅरियर टाक (आधीचं लिहिलेलं सगळ्यांना दिसल्याशिवाय पुढचं वाचू नको, असा प्रोसेसरला हुकूम). कोणाचं बरोबर?

सुकट_बोंबील:
सिनियरचं. वेक_अप() म्हणजे क्यू रिकामी असली तरी दर वेळी इंटरप्ट बंद करून स्पिनलॉक (मिळेपर्यंत जागीच फिरत राहायचं ते लॉक) घ्यायचं. नेटवर्क सॉकेटचा कोड उघडून बघ, डेटा आला की आधी कोणी झोपलंय का बघतात आणि मगच उठवतात, ते लोक काय येडे आहेत का? डब्ल्यूक्यू_हॅज_स्लीपर() वापर, त्याच्या पोटात पूर्ण बॅरियर आहे, विषय संपला.

कुडाळचो_झील:
बॅरियर तरी कित्याक होयो? इंटेलार सगळा क्रमानच चलता. आमी धा वर्सां असाच लिवतंव, कधी अडला नाय.

तिरफळ:
झीला, त्याचा बोर्ड एआरएम आहे हे वाचलंस का? आणि इंटेलवरही आधीचं राईट स्टोअर बफरमध्ये (मेमरीत जाण्याआधी ते थांबतं ती जागा) पडून असताना दुसऱ्या पत्त्यावरचं पुढचं रीड आधी होऊन जातं. एवढीच एक सूट आहे तिथे आणि हा बग नेमका त्याच सुटीत बसतो. अडलं नाही कारण तुमच्याकडे बहुतेक पुढचा इंटरप्ट येऊन झोपलेल्याला उठवून जात असणार. ह्याचं उत्तर एकदाच येतं.

कॉलेजात पोरांना दाभोळ-धोपावे फेरीबोटीवरून सांगतो. बावटा म्हणजे फ्लॅग, भोंगा म्हणजे वेक_अप(). खलाशाने बावटा लावला पण धुक्यात तो अजून पलीकडे दिसलेला नाही, त्याने धक्क्याकडे बघितलं, कोणी नाही, म्हणून भोंगा वाजवला नाही. त्याच क्षणी पॅसेंजर धक्क्यावर आला, बावटा दिसला नाही म्हणून बाकड्यावर आडवा झाला. दोघांनीही नियम पाळला आणि माणूस रात्रभर धक्क्यावर.

सुकट_बोंबील:
दाखला भारी, पण तो बॅरियरच्याच बाजूचा झाला ना सर. बावटा दिसेपर्यंत थांब, मग धक्क्याकडे बघ. झालं.

तिरफळ:
हो, बॅरियरने सुटतं, नाही कुठे म्हणालो. पण तो दोन्ही बाजूंना लागतो. झोपणाऱ्याच्या बाजूला प्रिपेअर_टू_वेट() आधी क्यूत नाव घालतं, टास्कची स्टेट बदलतं, त्यात बॅरियर येतो, आणि मग वेट_इव्हेंट() कंडिशन पुन्हा बघतं. उठवणाऱ्याची बाजू तुम्ही सांभाळायची.

थेट वेक_अप() केलं तर हे डोक्यात ठेवायलाच नको, कारण दोघं एकाच लॉकमधून जातात. उठवणारा आधी गेला तर झोपणाऱ्याला लॉक मिळेपर्यंत फ्लॅग दिसलेला असतो, नंतर गेला तर क्यूत नाव सापडतं. तिसरी शक्यता नाही. जुनं स्लीप_ऑन() हेच करू शकत नव्हतं, कंडिशन बघणं आणि झोपणं यात फट होती, म्हणून २०१४ मध्ये ३.१५ मधून ते काढूनच टाकलं.

गावखडीकर:
एवढं कशाला, फ्लॅगच क्यूच्या लॉकखाली ठेवा की. कर्नलमधलं इव्हेंटएफडी (प्रोसेसना इशारा द्यायची सोय) तेच करतं, काउंटर क्यूच्याच लॉकखाली आणि उठवायला _लॉक्ड वालं फंक्शन, लॉक आधीच धरलंय असं धरून चालणारं. एकच लॉक, शर्यतच नाही.

फणसगरा:
ते आवडलं होतं मला, पण उद्या कोणीतरी नवीन पोरगा तेच लॉक धरून साधं वेक_अप() करेल आणि स्वतःच्याच लॉकवर फिरत बसेल. शिवाय आमच्या फ्लॅगला प्रोसेसही हात लावते, तिथे कोणी इंटरप्ट बंद न करता लॉक धरलं आणि त्याच कोअरवर हँडलर आला तर तिथेही गळफास. दुसऱ्याच्या घरातलं कपाट वापरण्यासारखं आहे ते.

गावखडीकर:
कपाट दिसतंय, किल्ली दिलीय, मग वापरायला काय हरकत. कमेंट लिही वर चार ओळी.

सुकट_बोंबील:
कमेंट कोण वाचतो, हाच कोड लिहिणाऱ्याने वेट.एच (वेट क्यूची हेडर फाइल) मधली वाचली असती तर हा धागाच नसता. वेटक्यू_ॲक्टिव्ह() च्या वर स्पष्ट लिहिलंय की लॉकशिवाय वापरताय तर बॅरियर टाका. माझं मत तेच, पॅकेटमागून पॅकेट येतात तिथे तपासून उठवणं योग्यच.

तिरफळ:
पॅकेट येतात तिथे. ह्याच्याकडे एका कमांडीला एक इंटरप्ट आहे, त्यात लॉकचा खर्च मोजायला बसलास तर मोजण्याचाच खर्च जास्त होईल. आणि रिकाम्या क्यूचं लॉक सहसा कोणी धरून बसलेलं नसतं.

फणसगरा:
थेट वेक_अप() टाकून परवापासून बोर्ड चालवतोय, मध्ये दोनदा लाईट गेली तो भाग सोडला तर एकदाही अडकला नाही. सगळी चर्चा सिनियरला पाठवली. उत्तर आलं, 'छान. बॅरियर टाक.'