‘फॅन थिअरी’ला सिद्धांत म्हणावं का? (एल्डन रिंगच्या निमित्ताने)

राजारामपुरीहून

आम्ही काही मित्र एल्डन रिंगच्या दडलेल्या कथेवर मराठीत लिहितोय आणि ‘थिअरी’ या शब्दापाशी अडलोय. सगळीकडे ‘चाहत्यांचा सिद्धांत’ असं वाचायला मिळतं. मला ते खटकतं, पण दुसरा नेमका शब्द सापडत नाही.

गेम न खेळलेल्यांसाठी थोडं सांगतो. फ्रॉमसॉफ्टवेअरचा हा गेम २०२२ साली आला. त्या जगाचा मूळ पुराणेतिहास जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी लिहिला, आणि दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांच्या चमूने तो तुकड्यातुकड्यांनी गेमभर विखरून ठेवला. कुणी बसून गोष्ट सांगत नाही. तलवारीच्या वर्णनात दोन ओळी, चिलखताच्या वर्णनात चार, कुठे एखादा पुतळा. त्यावरून कोण कुणाचं, कुणी कुणाला संपवलं, हे आपण जुळवायचं. या जुळवण्याला काय म्हणाल? आणि ‘लोअर’ला (lore), म्हणजे त्या जगाबद्दलच्या सगळ्या दडलेल्या माहितीला?

शिवाजी पेठेतून

भावा, सिद्धांत तर अजिबात नको. शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष, मग त्याचं खंडन आणि सगळ्यात शेवटी सिद्धांत. म्हणजे वाद मिटल्यावरचा शब्द तू वाद सुरू व्हायच्या आधीच वापरतोयस. उत्क्रांतीचा सिद्धांत म्हणतो तेव्हा त्यामागे पुराव्यांचे डोंगर असतात.

आपल्याकडे शब्दांना तोटा नाही: अंदाज, अटकळ, आडाखा, होरा, तर्क. पण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. आडाखा आणि होरा पुढचं बघतात. यंदा पंचगंगा पात्राबाहेर पडेल का, उसाला दर काय मिळेल, याचे आडाखे बांधतात. घडून गेलेल्याचा आडाखा कुणी बांधत नाही, त्यामुळे हे दोन बाद. अंदाज फार सैल, भाजीत मीठही अंदाजानेच पडतं.

उरले तर्क आणि अटकळ, आणि खरी गंमत इथेच आहे. तर्काच्या पायऱ्या दुसऱ्याला दाखवता येतात: हे असं आहे, म्हणून ते तसं असणार. अटकळीत दोन-तीन खुणा हाताशी असतात आणि मधली जागा मनाने भरलेली असते. अटकळ खोटीच निघते असं नाही, फक्त तिच्या पायऱ्या पूर्ण नसतात.

शाहूपुरीहून

शिवाजी पेठेच्या दादांचा भेद एकदम चपखल आहे. गेममधल्याच उदाहरणांवर लावून बघते.

संत ट्रिनाच्या तलवारीचं वर्णन घ्या. ट्रिना गोड मुलगी होती असं काहीजण म्हणतात, काहींना तो मुलगाच वाटतो. अचानक प्रकट झाली आणि तशीच नाहीशी झाली, एवढंच पक्कं. त्यावरून खेळाडूंनी म्हटलं, ही म्हणजे मिकेला हा देवपुत्रच असणार. मिकेलाबद्दलचे उल्लेख आणि त्याच्याशी जोडलेली फुलं शेजारी ठेवून त्यांनी पायऱ्या दाखवल्या होत्या. हा तर्क. २०२४ साली ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ हा विस्तार आला आणि त्यात ट्रिना हा मिकेलाने टाकून दिलेला स्वतःचाच अर्धा भाग निघाला. तर्क खरा ठरला.

आता सांजडोळ्यांची राणी. देवांना मारणारे तिचे अनुयायी होते आणि राणी मारिकाचा रक्षक मॅलिकेथ याने तिला हरवलं, एवढंच वस्तूंच्या वर्णनांतून कळतं. ती म्हणजेच खेळाडूची सोबतीण मेलिना, असं पुष्कळांना वाटतं. मेलिनाचा डावा डोळा मिटलेला असतो. एका विशिष्ट शेवटात ती तो उघडते आणि आतला रंग सांजेसारखा असतो. अंगावर काटा येतो बघताना! तरीही मधल्या पायऱ्या नाहीत, विस्तारानेही त्या दिल्या नाहीत. माझा या कल्पनेवर पूर्ण विश्वास आहे, पण शब्द मात्र अटकळच.

आणि रॅडागॉन? लेंडेल या राजधानीत त्याच्या पुतळ्यासमोर ‘लॉ ऑफ रिग्रेशन’ हा मंत्र म्हटला की पुतळा मारिकाचा होतो आणि ‘रॅडागॉन म्हणजेच मारिका’ असा मजकूर उमटतो. नवरा आणि बायको एकच. इथे गेम स्वतः बोलतो, म्हणून हा उलगडा. याला थिअरी म्हणणं चुकीचंच.

मंगळवार पेठेतून

ज्याला खूण एकही नाही आणि तरी चार ठिकाणी फिरतं, ती वावडी. हाही शब्द ठेवा, लागेल.

शिवाजी पेठेतून

‘लोअर’बद्दल. मी आधी ‘स्थळपुराण’ सुचवणार होतो. आपल्याकडे कोल्हापूरचं करवीर माहात्म्य आहेच. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला का जाते, तिथे कोहळा का फोडतात, याला कथेत उत्तर आहे: कोल्हासुराच्या वधानंतर त्र्यंबोलीला, म्हणजेच टेंबलाईला, बोलवायचं राहिलं, ती रुसून टेकडीवर जाऊन बसली, म्हणून देवी तिच्या भेटीला जाते. पण नेमकं म्हणूनच तो शब्द इथे जमत नाही. स्थळपुराण विचारणाऱ्याला उत्तर देतं. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या तळाशी गॉडविन या मेलेल्या देवपुत्राचा तो अजस्र, विद्रूप चेहरा पडलाय, तो तिथेच का, हे गेम धड सांगत नाही. नुसतं ‘पुराण’ही नको; ‘तुझं पुराण पुरे’ म्हणतो तो वास त्याला लागलाय. दंतकथा तोंडोतोंडी चालते, इथे तर सगळं लिहिलेलं आहे. ‘पूर्वकथा’ घ्या. साधा आहे, आणि शाळकरी पोरालाही कळतो.

शाहूपुरीहून

पूर्वकथा म्हणजे आधी घडलेलं. पण लोअरमध्ये त्या जगाचे नियमही येतात: एर्डट्री हे अजस्र झाड काय आहे, मेलेले त्याच्या मुळांकडे का जातात. ते पूर्वकथेत मावत नाही. मियाझाकी सांगतात की लहानपणी अवघड पुस्तकं वाचताना न कळलेला भाग ते कल्पनेने भरून काढायचे. तशा मोकळ्या जागा धरून अख्ख्या जगाला कवेत घेणारा शब्द हवा.

राजारामपुरीहून

मग असं करतो. घडलेल्यासाठी पूर्वकथा, पायऱ्या दाखवता आल्या तर तर्क, नाहीतर अटकळ, गेमने स्वतः सांगितलं तर उलगडा. मेलिनाच्या लेखाचं शीर्षक ‘सांजडोळ्यांची राणी: एक अटकळ’ असं बदललं. नियमांसकट सगळ्यासाठी तूर्त ‘लोअर’च ठेवतो. कुणाला शब्द सुचला तर इथेच लिहा, पुढच्या लेखापासून वापरू.