स्टुको : गिलावा, चुनेगच्ची की प्लास्टर?

विचारणा : इटलीतल्या बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातली अलंकृत शैली) शिल्पांवरच्या मजकुराचं भाषांतर करते आहे. पालेर्मोच्या सेर्पोत्ताने (1656–1732) प्रार्थनागृहांच्या भिंतींवर घडवलेल्या मूर्तींनाही ‘स्टुको’ (चुना किंवा जिप्समच्या लगद्यातलं शिल्पकाम) म्हटलंय आणि रोममध्ये 1622 साली पोप पाचवे पॉल यांच्यासाठी उभारलेल्या तात्पुरत्या शोकमंडपातल्या पुतळ्यांनाही. दोन्हीकडे ‘गिलावा’ लिहू का?

पहिलं उत्तर : नको. गिलावा म्हटलं की भिंतीवरचा सपाट थर डोळ्यांपुढे येतो, मूर्ती येत नाही. सेर्पोत्तासाठी ‘चुनेगच्ची शिल्प’ लिहा.

हे काम असं होतं. आधी लाकूड आणि तारांचा सांगाडा. त्याला दोरी किंवा चिंध्या गुंडाळतात, नाहीतर गुळगुळीत लाकडावरून ओला चुना घसरतो. मग चुना-वाळूचा जाडा थर, साधारण एकास अडीच ते तीन. तो एका वेळी बोटभरच द्यायचा. जास्त दिला तर वरून आवळतो, आत ओलाच राहतो आणि तडकतो. पुढचा थर देण्यापूर्वी खालच्यावर पाणी मारायचं; कोरडा थर नव्या चुन्यातलं पाणी शोषून घेतो आणि वरचा पापुद्रा सुटतो. शेवटचा हात चुना आणि संगमरवराच्या भुकटीचा, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. तो पुरता वाळण्याआधी घासून चकाकी आणायची. सेर्पोत्ताची ख्याती याच चकाकीची, आणि तिला आपल्याकडे ‘घोटाई’ हा नेमका शब्द तयार आहे. तिथे ‘पॉलिश’ लिहू नका, प्लीज.

उघडा लोखंडी खिळा मात्र घातक. दमट भिंतीत तो गंजून फुगतो. आधी तांबूस डाग, मग बोट किंवा पंख गळून पडतो.

विचारणा : आणि शोकमंडपातले पुतळे?

दुसरं उत्तर : तिथे माल वेगळा. रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमधल्या त्या शोकमंडपासाठी तरुण शिल्पकार बर्निनीने पुतळ्यांचा मोठा ताफा केला होता. असे पुतळे काही दिवसच उभे राहायचे, म्हणून लाकडावर पेंढा बांधायचा, सरसात भिजवलेल्या कापडाच्या चुण्या पाडायच्या आणि वरून जिप्सम (प्लास्टर ऑफ पॅरिस ज्यापासून बनतं ते खनिज) फिरवायचं. भाजलेलं जिप्सम पाण्यात कालवलं की पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत आठवडे-महिने मुरतो. जिप्सम फारच लवकर धरायला लागलं तर पाण्यात थोडा सरस घालतात. पावसात किंवा ओलीत ते मऊ पडतं. म्हणून इथे ‘जिप्समचे पुतळे’ म्हणा. नुसतं ‘प्लास्टर’ लिहिलंत तर आपल्या गवंडीकामात त्याचा अर्थ सिमेंटचा गिलावा होतो.

विचारणा : त्या मंडपालाच ‘मखर’ म्हटलं तर?

दुसरं उत्तर : तात्पुरती, सजवलेली रचना या अर्थाने जवळचं आहे, पण मखरात देव बसतो, मृत्यूच्या संदर्भात खटकेल. ‘चिता’ तर अगदीच चूक, तिथे काही जाळत नाहीत. तुमचा ‘शोकमंडप’ चांगला आहे, पहिल्यांदा येईल तिथे सोबत ‘कॅटाफाल्क’ द्या.

पहिलं उत्तर : एक पुरवणी. चुना लवकर धरावा म्हणून कारागीर त्यात थोडं जिप्समही घालत. मूळ मजकुरात दोन्ही असतील तर ‘जिप्सममिश्रित चुना’ असं स्पष्ट लिहा, कारण दुरुस्ती करणाऱ्याला ओल कुठे लागेल हे त्यावरूनच ठरवावं लागतं.